तीन दगडांची खूण

लढाईची वर्षं होती. म्हसवडच्या पलीकडच्या माळावर मी आबांची मेंढरं राखायचे. लग्न ठरलेलं, तरी शाळेच्या मास्तरांनी मला दुपारचं बसवून अक्षरं शिकवली, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना देव मानत होते. खुळीच होते मी.

मास्तरांना पाखरांचा भारी नाद. त्यांच्या चित्रांच्या पुस्तकात एकसारखी दिसणारी दोन पाखरं होती, दोन्ही उघड्या माळावर किडे टिपणारी. आमच्याकडचं त्यातलं कोणतं, यात त्यांचा जीव अडकला होता. आम्ही तिला नुसतं पळती म्हणायचो. चार पावलं तुरुतुरु पळायची, ताठ उभी राहायची, मग वाकून वाळवी टिपायची.

"डोकं इटकरी हाय, मास्तर. डोळ्यावरनं पांढरी रेघ जाती, तिच्याखाली काळी," मी सांगितलं.

"लांबून खात्री होत नाही गं. जवळून बघायला हवं."

पळती उघड्या जमिनीवर अंडी घालते, शोधून सापडत नाहीत. म्हणून आमच्यात ज्याला अंडी दिसतील त्यानं शेजारी तीन दगड रचायचे. मागून येणारा ते बघून मेंढरं वळवून नेतो. ही खूण बाहेरच्याला कुणी सांगत नसे. मी सांगितली. नुसती सांगितली नाही, नेऊन दाखवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर टेबलावर पळती उताणी पडलेली. डोळ्यांत कापूस, पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. लढाईपायी कुणाला काडतूस मिळत नव्हतं, यांनी बरं एक जपून ठेवलेलं.

"तू म्हणालीस तेच निघालं, विटकरीच डोकं," मास्तर खुशीत होते. "वाच बघू चिठ्ठी."

त्यांनीच शिकवलेली अक्षरं. मी वाचली नाहीत.

"आवं, अंड्यांवर बसली हुती ती."

"म्हणून तर हलली नाही," ते म्हणाले, आणि पेटीचं झाकण शोधू लागले.

संध्याकाळी आबांनी विचारलं, "खूण कुणी दावली?" मी म्हणाले, "मी." ते रागावले नाहीत. माळावर जाऊन त्यांनी ते दगड पांगवले, आणि बाकीच्यांनीही दगड रचायचं सोडून दिलं.

महिन्याभरानं एका कळपाच्या खुरांखाली दोन अंडी फुटली. कळप आमचाच होता, आणि मागं काठी घेऊन मी चालले होते.