चोवीस बरण्यांचा समुद्रप्रवास

जगाचा नकाशा फक्त बंदरांपुरता पाठ असलेला माणूस पुण्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही दोघेही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो, त्यामुळे घरात कोणी 'साडूभाऊ' अशी हाक मारली की हाक मारणारा सोडून उरलेला वळतो, एवढी सोय आहे. ज्या देशाला समुद्रकिनारा नाही त्या देशाबद्दल त्यांना फारसा आदर नाही. आमच्या इमारतीतला एक मुलगा संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेला निघाला तेव्हा त्याचे वडील पेढे घेऊन आले होते, आणि साडूभाऊ योगायोगाने आमच्याकडेच बसले होते. त्यांनी पेढा हातात घेऊन विचारले, "अमेरिकेत कुठे?" "डॅलस." साडूभाऊंनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हणजे ह्यूस्टनला उतरायचं आणि पुढे ट्रकने." मुलाचे वडील म्हणाले, "अहो, तो विमानाने चाललाय." "असेल," साडूभाऊ म्हणाले, "पण सामान जड असेल तर ह्यूस्टनच बरं." स्वतः साडूभाऊंनी मुंबईचे बंदर सोडून दुसरे बंदर पाहिलेले नाही, आणि तेही गोदीच्या फाटकाबाहेरून.

व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याच्या निर्यात विभागात ते कारकून होते. माल खोक्यांत नीट भरला गेला का, खोक्यावर बाण वरच्या दिशेने आहे का आणि कुठल्या खोक्यात काय आहे त्याची यादी बरोबर आहे का, हे पाहणे त्यांचे काम. कारखान्यातली सवय घरी येते तशी ती त्यांच्याही घरी आली, फक्त जरा जास्त आली. ते कोथरूडहून वारज्याला राहायला गेले तेव्हा घरातल्या सगळ्या सामानाचे एक्केचाळीस खोके झाले. प्रत्येकावर क्रमांक, आणि यादीच्या तीन प्रती. एक टेंपोवाल्याला, एक स्वतःजवळ आणि एक मला, कारण मी वारज्याला 'माल स्वीकारणारा' होतो. यादीप्रमाणे चहाचे पातेले खोका सतरामध्ये, चहापत्ती तेवीसमध्ये आणि गाळणी अडतीसमध्ये होती. ही माहिती बिनचूक होती, पण एक्केचाळीसही खोके मोजून सही होईपर्यंत एकही खोका उघडायचा नाही असा नियम होता. आम्ही बारा माणसे अडीच तास चहावाचून बसलो. शेवटी सही झाली तेव्हा ताई, म्हणजे माझ्या मेव्हणी, म्हणाल्या, "आता माणसं पण मोजून घ्या. वाटेत एखादं गहाळ झालं असेल." साडूभाऊंनी खरोखरच मान वर करून आम्हाला मोजले. लग्नसमारंभात ते जेवायला उशिरा बसतात, कारण आधी आहेराच्या टेबलाजवळ जाऊन उलटे ठेवलेले खोके सुलटे करायचे असतात. एकदा एका नवऱ्या मुलीच्या मामाने त्यांना तसे करताना पाहून काका नेमके कोणाकडचे, अशी चौकशी केली होती.

नव्वदच्या सुमारास देशाचे दरवाजे उघडले असे वर्तमानपत्रांत यायचे. साडूभाऊंच्या कारखान्यात ते दरवाजे सात-आठ वर्षांनी, परदेशी भागीदाराच्या रूपाने उघडले. भागीदाराने निर्यात अधिकारी असे नवे पद काढले आणि पात्रता ठेवली आंतरराष्ट्रीय व्यापार या विषयातली पदव्युत्तर पदवी, प्रथम वर्गात. एकोणीस वर्षे ज्या कामाचे कागद साडूभाऊ तयार करत होते त्याच कामाचे हे पद. साहेबांनी त्यांना बोलावून सांगितले, की दोन वर्षे जागा हंगामी भरतो, तेवढ्यात पदवी घेऊन या, जागा तुमची. साडूभाऊ तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते आणि बी.कॉम.ला त्यांना बावन्न टक्के होते. त्यांनी संध्याकाळच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. त्या वर्षी त्यांची मुलगी बारावीला होती. ताई म्हणाल्या, "म्हणजे आता या घरात पास झालेली मी एकटीच."

कॉलेजात त्यांचे वर्गमित्र बावीस-तेवीस वर्षांचे. ते सगळे त्यांना काका म्हणत, आणि साडूभाऊ त्यांना हजेरीच्या क्रमांकाने ओळखत. शिकवणारे प्राध्यापक तरुण आणि भले होते, पण त्यांनी कंटेनर जवळून पाहिलेला नसावा. पहिल्या सत्राच्या परीक्षेत मालाची एक नमुना यादी छापून 'यातील तीन चुका शोधा' असा पाच गुणांचा प्रश्न आला. साडूभाऊंनी यादीच्या डाव्या कोपऱ्यात पाहिले तर टंकलेखकाची आद्याक्षरे त्यांची स्वतःची. त्यांनीच कधीतरी टाइप केलेला कागद कुठल्या तरी एजंटाकडून झेरॉक्स होत होत कॉलेजात आला होता. त्यांनी उत्तर लिहिले, "एकही चूक नाही. हा माल रॉटरडॅमला पोचला आहे." पाचपैकी शून्य मिळाले. मी त्यांना म्हटले, "अहो, पण चुका होत्या का?" ते म्हणाले, "दोन स्पेलिंगच्या होत्या. पण माल पोचला ना."

असे रडतखडत, पण नेटाने, त्यांनी तीन सत्रे पार केली. सरासरी साठच्या आसपास, कधी एक टक्का वर, कधी एक खाली. प्रथम वर्गाला साठ लागतात, त्यामुळे सगळे शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पावर आले. चौघांचा गट करून एखादी वस्तू निवडायची, ती कुठल्या देशात पाठवता येईल हे दाखवायचे, पॅकिंग ठरवायचे, त्याची चाचणी घ्यायची आणि अहवाल द्यायचा. साडूभाऊंच्या गटात अमरावतीहून शिकायला आलेली एक मुलगी होती आणि दोन मुलगे होते. मुलग्यांचे म्हणणे सॉफ्टवेअर घ्यावे. साडूभाऊ म्हणाले, "त्याला पॅकिंगच लागत नाही. मग त्यात शिकायचं काय?" त्यांनी वस्तू सुचवली ती लोणच्याची चिनी मातीची बरणी. "पुण्यातली निम्मी मुलं तिकडे चालली आहेत. त्यांच्यामागून लोणचं चाललंय. बरणी नको जायला?" मुलीला हे पटले, कारण तिच्या आईने तिला पुण्याला पाठवताना दिलेली बरणी बडनेऱ्यालाच फुटली होती. पॅकिंगसाठी साडूभाऊंनी थर्माकोलऐवजी उसाचे वाळलेले पाचट घ्यायचे ठरवले. मांजरी गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोती भरून पाचट आणून त्यांनी ते तीन आठवडे गच्चीत वाळवले. वारज्याच्या त्या सोसायटीच्या सूचनाफलकावर तेव्हा लागलेली सूचना मी वाचली आहे : 'गच्ची ही गच्ची आहे. गोठा नव्हे.'

राहिली चाचणी. कॉलेजच्या पद्धतीत खोका ठरावीक उंचीवरून खाली टाकून पाहतात. साडूभाऊंना ते मान्य नव्हते. "जहाजात खोका कोणी टाकत नाही. तो महिनाभर हलत असतो." पुण्यात समुद्र नसल्याने त्यांनी एस.टी. निवडली. स्वारगेट ते सोलापूर आणि परत, सुमारे पाचशे किलोमीटर, खोके टपावर. मी एका सरकारी कार्यालयात आकडेवारीचे काम करतो, म्हणून तटस्थ निरीक्षक या नात्याने मला बरोबर नेले. तीन खोके, प्रत्येकात आठ, अशा चोवीस बरण्या. स्वारगेटला वाहकाने विचारले, "काय आहे यात?"

"बरण्या."

"लोणच्याच्या?"

"रिकाम्या."

"सोलापूरला दुकान आहे का?"

"नाही. परत आणायच्या आहेत. याच गाडीने."

वाहकाने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुम्ही बरोबर आहात ना यांच्या? मग ठीक आहे."

जाताना सगळे सुरळीत झाले. प्रत्येक थांब्यावर साडूभाऊ खाली उतरून टपाकडे पाहत आणि वहीत वेळ लिहीत. परतताना इंदापूरला एका शेतकऱ्याने ज्वारीचे पोते वर चढवले आणि ते नेमके आमच्या तिसऱ्या खोक्यावर ठेवले. मी म्हणालो, "साडूभाऊ, सांगू का त्याला, जरा बाजूला ठेव म्हणून?" साडूभाऊंनी माझा दंड धरला. "समुद्रात कोणाला सांगणार?" पोते तिथेच राहिले. भिगवणला साडूभाऊंनी वहीत वेळेपुढे पोतेही लिहिले. त्यांना ते पोते माझ्याइतकेच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, वारज्याच्या घरात वर्तमानपत्रे पसरून खोके उघडले. तिन्ही विद्यार्थी आले होते. पहिल्या खोक्यातल्या आठही बरण्या शाबूत. दुसऱ्यातल्या एका झाकणाची मूठ गेली होती. ती बरणी साडूभाऊंनी फुटलेली धरली. तिसरा खोका उघडायच्या आधीच वाजला. त्यातल्या सहा फुटल्या होत्या. चोवीसात सात, म्हणजे एकोणतीस टक्क्यांहून जास्त. गटाने सुरुवातीलाच लिहून दिले होते, की तूटफूट दहा टक्क्यांच्या आत असेल तरच वस्तू निर्यातयोग्य धरू. अहवाल सोमवारी द्यायचा होता, त्यामुळे दुसरी फेरी करायला वेळ नव्हता.

मुलगी म्हणाली, "काका, कायले एवढं टेन्शन घेता? तिसरा बॉक्स आउटलायर आहे. त्याच्यावर पोतं होतं ना. तो सोडून द्यायचा."

"जहाजात वर दुसरा माल ठेवत नाहीत असं कुणी सांगितलं तुला?"

"पण काका, प्लेसमेंट आहे आमची. मार्क्स चौघांना सारखे मिळणार."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी आकडेवारीचा माणूस, आणि मी सांगितले ते शास्त्राला धरूनच होते. असाधारण कारणाने बिघडलेले निरीक्षण वगळता येते, फक्त तळटीप द्यावी लागते. तिसरा खोका वगळला तर सोळात एक, म्हणजे सव्वासहा टक्के. वस्तू निर्यातयोग्य. "हे खोटं नाही, साडूभाऊ," मी म्हणालो, "आम्ही कार्यालयात नेहमी करतो." ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.  ती निर्यात अधिकाऱ्याची जागा या घराला किती हवी होती ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होते.

साडूभाऊंनी फुटक्या बरण्या एका बाजूला रांगेत मांडल्या. मग मुलांना म्हणाले, "तुम्ही तिघं सोळांचं लिहा. तुमच्या नोकऱ्या अजून लागायच्या आहेत. मी वेगळं प्रकरण करून चोवीसांचं लिहितो, माझ्या एकट्याच्या नावाने."

"तुमचे मार्क्स जातील काका."

"माझी नोकरी लागून एकवीस वर्षं झाली," ते म्हणाले.

प्राध्यापकांनी थोडी कुरकुर करून परवानगी दिली, आणि चाचणीच्या भागाचे चाळीस गुण दोन प्रकरणांना वेगवेगळे द्यायचे ठरले. असा अहवाल त्या कॉलेजात आधी कधी आला नसावा. बांधणी एकच, एकसष्टाव्या पानावर बरणी निर्यातयोग्य आहे आणि चौऱ्याहत्तराव्या पानावर नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही पाने उघडी धरून विचारले, "यातलं नेमकं खरं काय?" साडूभाऊ म्हणाले, "दोन्ही, सर. पण बरण्या मागवणार असाल तर माझं प्रकरण वाचा." परीक्षक मोठ्याने हसले. हसून झाल्यावर त्यांनी चाळीसपैकी अकरा दिले.

सोळाशेपैकी नऊशे एक्कावन्न. प्रथम वर्ग नऊ गुणांनी गेला. तिन्ही मुलांना तो मिळाला आणि तिघांनाही नोकऱ्या लागल्या. ती मुलगी दर वर्षी परीक्षेच्या दिवसांत ताईंना फोन करते, का ते मला कळलेले नाही. कारखान्यात निर्यात अधिकारी म्हणून मुंबईहून एक गृहस्थ आले, सत्तावीस वर्षांचे. त्यांना काम शिकवायला तीन महिने लागले, आणि ते साडूभाऊंनी शिकवले, चांगले शिकवले असे साहेबच म्हणत. पुढे बारा वर्षे साडूभाऊ त्याच टेबलावर राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले.

निकालाच्या दिवशी आम्ही वारज्याला गेलो होतो. परत निघताना ते मला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. बसला वेळ होता. न राहवून मी म्हणालो, "सोळात एक लिहिलं असतं तर खोटं नव्हतं हो, साडूभाऊ."

"नव्हतं," ते म्हणाले. "पण तिकडे कोणीतरी बाई खोका उघडणार. आत खापऱ्या असणार. आणि कागदावर लिहिलेलं असणार, की पुण्यात एका माणसाने मोजून बघितलंय."

त्यांनी यानंतर हा विषय कधी काढला नाही, आणि त्या रविवारी त्यांना सल्ला कोणी दिला होता याची आठवणही करून दिली नाही. मी अजून त्याच कार्यालयात आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी एखाद्या तक्त्याखाली 'अपवाद वगळता' असे लिहायची वेळ येते. तेव्हा हात जरा थांबतो. बहुतेक वेळा मी नंतर ते लिहितो.