‘स्टेज’च्या बाजूचं बटण

दुपारी जेवून आडवा होतो आणि बेस गिटार पोटावर घेतो. विकायला काढलीय, म्हणून सकाळी पुसायला घेतली होती. मूळची कुठली, कुणाकुणाच्या हातातून आमच्याकडे आली, देव जाणे. उत्तमदादानं तिच्यावर इतके उद्योग करून ठेवलेत की बनवणाऱ्यालाही ती ओळखू यायची नाही. अंगठा टेकायला वाकवलेला चमचा. आवाज फार घुमू नये म्हणून चार जाड तारांखाली स्लिपरचा तुकडा. आवाज कमी-जास्त करायला पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण, पट्टा अडकवायला कपाटाच्या खणाची मूठ. आणि मधोमध, घरातल्या दिव्याला असतं तसलं पांढरं बटण. त्याच्या एका बाजूला नेलपॉलिशनं लिहिलंय ‘घर’, दुसऱ्या बाजूला ‘स्टेज’.

उत्तमदादा माझा थोरला भाऊ. इचलकरंजीत जॉबर होता, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारा, आणि आमच्या ऑर्केस्ट्राचा मालकही तोच. गेल्या वर्षी वारला. स्टेजवर चढलं की बटण ‘स्टेज’कडे दाबायचं, म्हणजे स्पीकरची घरघर जाते, असं त्यानं सांगितलं आणि मी जन्मभर दाबत आलो. आज सकाळी मागची पत्र्याची झाकणी उघडली. बटण ‘स्टेज’कडे दाबलं की गिटारचा आवाज आतल्या आत बंद होतो. आतली वायर तुटलेली नाही. त्याच्या हातची, नीट झाळ देऊन केलेली सोय आहे.

डोळे जड होतात. खाटेशेजारी शालन, माझी बायको, लसूण सोलत बसलीय. सालांची कुरकुर ऐकू येते, वाढत वाढत तिची मागांची खटखट होते, आणि दादा एका मागाखालून सरपटत बाहेर येतो.

“काय रं दिन्या, उघडलंस व्हय?”

“उघडलं.”

“मग कळलं आसंल,” असं म्हणून तो चिंधीला हात पुसतो.

लाज नाही, काही नाही. जिवंतपणीही असाच होता. मला त्याची गचांडी धरावीशी वाटते, पण माझ्या दोन्ही हातांत गिटार आहे.

“सगळ्या कार्यक्रमांना बंद?”

“सगळ्या.”

“मग बेस कोण वाजवत होतं?”

“सॅमीचा डावा हात.”

सॅमी आमचा कीबोर्डवाला. तो मागांच्या पलीकडे बसलाय आणि त्याचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर निवांत चाललाय. स्टेजवर माझ्याजवळ स्पीकर कधी नसायचा. सगळं एकत्र कानावर आदळायचं, आणि त्यातलं जे खालचं, छातीत वाजणारं, ते माझं असं मी धरून चाललो होतो. लोकांनी शिट्ट्या मारल्या की मान लववायचो. आता आठवलं की अंगाची लाही लाही होते.

मागांची शेड आता गणपतीचा मांडव झालीय. खुर्च्यांवर माणसांऐवजी सुताच्या कांड्या ठेवल्यात.

“तू फुडं पळायचास,” दादा म्हणतो. “गाणं हितं, तू थितं. गाणारी पोर रडायला यायची.”

“मग हाकलायचं होतंस मला.”

“आईनं जेवान सोडलं आसतं.”

“सांगायचं तरी. सुधारलो असतो.”

“तू? रुसून बसला आसतास.”

खरं आहे, म्हणून जास्त झोंबतं. धाकट्या भावाला सांभाळलं म्हणून सगळ्या गल्लीनं याला डोक्यावर घेतलं होतं. सांभाळलं म्हणे!

मांडवाचा दवाखाना होतो. शेवटचे दिवस इथंच त्याच्या उशाशी मी बसून असायचो. तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं, घराच्या गळतीचं, जावयाच्या स्वभावाचं. बटणाचं तेवढं सांगितलं नाही.

“एकदा तरी चालू होती का रे?” मी विचारतो. मला एवढंच हवंय. “एकदा तरी, दादा?”

तो आठवून बघतो. “जयसिंगपूरला. तू बटन दाबायचंच इसरलास.”

“मग?”

“मग काय? कुणाला कायबी कळलं न्हाई. मलाबी दुसऱ्या दिशी कळलं.”

“म्हणजे बरं वाजवलं होतं मी.”

“आसंल की.”

“मग पुढं चालू का नाही ठेवलीस? ते बटण काढून का नाही टाकलंस?”

“ऱ्हाऊनच गेलं बघ.”

राहून गेलं. बाजारातनं कोथिंबीर आणायची राहून जावी तसं. माझ्या तोंडून शिवी निघते, मेलेल्या थोरल्या भावाला, आणि तिचं मला जराही वाईट वाटत नाही. मी वाजवायला लागतो. माग तपासताना दादा स्क्रूड्रायव्हरचं टोक मागाला टेकवून मूठ कानाला लावायचा. तसाच तो आता गिटारला टेकवतो आणि डोळे मिटतो. मी ताल धरून वाजवतो, पुढे पळत नाही. बोटं जळायला लागतात, तरी थांबत नाही.

“ऐकू येतंय?”

“मागांचा लई गलका हाय. थांब, बंद करून येतो.”

तो मागांमधल्या बोळातून निघून जातो. एकेक माग बंद पडत जातो. तो आता येईल म्हणून मी वाजवतच राहतो. शेवटचा माग थांबतो. दादा येत नाही.

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवर चढलेलं असतं. उजव्या हाताची बोटं ठणकतायत. पहिल्या दोन बोटांच्या टोकांना फोड आलेत, पाण्यानं टरारलेले, ताजे.

शालन लसूण बाजूला ठेवून माझा हात हातात घेते. “अगं बाई, ह्ये काय झालं?”

“मी वाजवत होतो काय?”

ती गिटारकडे बघते, मग माझ्याकडे.

“मी हितनं हालले न्हाई,” ती म्हणते. “आवाज तर कायबी आला न्हाई, बघा.”