चवीच्या वहीतली सही

सुंदरबाईला तुमी ओळखत न्हाई, म्हणून सांगते. युसूफ वडगावच्या पलीकडं आमची वस्ती हाय. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी आमी दोघी शिजवतो, ती आन मी, गीताबाई. तिनं एकोणीस वर्षं ऊस तोडला. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच हायत, कोयत्यानं गेली. पण त्याच हातानं ती तांदूळ असा निवडते, की खडा म्हणून सापडायचा न्हाई. चवीचं तर विचारूच नका. मी फोडणी दिली की पोरं वासावरनंच ओळखतात आन तोंडं वाकडी करतात, हे मीच कबूल करते.

तिचा लेक आन सून दिवाळी झाली की टोळीबरुबर कारखान्याला जातात. नात सायली आजीजवळ राहते, सातवीला हाय, लई हुशार. ही पोरगी उसाच्या फडात जायची न्हाई, शिकायची, एवढा एकच हट्ट सुंदरबाईनं आयुष्यात धरला. शाळेतलं काम हाय तवर दोघींचं भागतं. ते गेलं की म्हातारीला पुन्हा टोळीबरुबर निघावं लागंल, आन सायलीला मागं ठेवायला घरात दुसरं कुणी न्हाई. हे सगळ्या वस्तीला ठाऊक हाय. राधाकिशन सरांना बी ठाऊक हाय, म्हणून तर माझं डोकं फिरतं.

सर इंग्रजी शिकवतात. कपडे कडक इस्त्रीचे, डबा घरचा. आमच्या हातचं घोटभर पाणी कधी घेतलं न्हाई. आता नियम असा, की पोरांना वाढायच्या आधी गुरुजीनं घास खाऊन बघायचा आन चवीच्या वहीत लिहायचं. ते काम सरांकडं. सुंदरबाई रोज ताटली घेऊन जायची आन भरलेली ताटली तशीच परत आणायची. ती म्हणायची, जाऊ दे, पोट भरलेलं असंल. मी म्हणायचे, पोट न्हाई बाई, तुझी बोटं बघून त्यांना शिसारी येते. मग ती ताटली घासायला घ्यायची.

मागच्या महिन्यात सरांनी धडा घेतला. नावडत्या गोष्टीला इंग्रजीत काय म्हणायचं. यक, हॉरिबल, डिसगस्टिंग, आय हेट इट, आय कान्ट स्टँड इट. नाक कसं मुरडायचं ते बी दाखवलं. आवं, आमच्याकडं काय ह्या शब्दांचा दुष्काळ पडलाय? किळस हाय, वीट हाय, तिटकारा हाय, ओकारी हाय. बरं, इंग्रजीत शिकवा, माझं काही म्हणणं न्हाई. पण उदाहरण द्यायला जगातली घाण संपलीती का? उकिरडा हाय, गटार हाय. सरांनी धरली आमची खिचडी. "खिचडी इज डिसगस्टिंग" असं चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, आन भिंतीपलीकडं आमी तीच खिचडी ढवळायचो. आमाला अर्थ कुठं कळतोय? सुंदरबाई कौतुकानं म्हणायची, पोरं काय फाडफाड इंग्रजी बोलतात बघ. सायलीला अर्थ कळत होता. तिनं घरी सांगितलं न्हाई.

बुधवारी तालुक्याचे साहेब तपासणीला आले. पोरं पंगतीत जेवत होती. इंग्रजी बी बघावं आन जेवण बी, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी विचारलं, हाऊ इज द खिचडी? आख्खी पंगत एका सुरात बोलली, खिचडी इज डिसगस्टिंग. नाकं मुरडून, खुशीत, बोटं चाटत. साहेबांना चाटलेली बोटं दिसली न्हाईत, शब्द तेवढा ऐकू आला. म्हणाले, एवढ्या लेकरांची तक्रार हाय तर एक तारखेपासून बाई बदला. सर शेजारीच उभे होते. हे मीच शिकवलंय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी. ते आपले बुटाकडं बघत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात सायली उठली. आजीकडं बघून म्हणाली, "आजी, खिचडी किळसवाणी हाय, असा त्याचा अर्थ हाय. सरांनी फळ्यावर लिहून दिलतं."

सुंदरबाईनं डाव खाली ठेवला. हात पदराला पुसले, हापिसातनं चवीची वही आणली आन साहेबांसमोर धरली. मला वाचता येत न्हाई, म्हणाली, आजच्या तारखेला काय लिव्हलंय? साहेबांनी वाचलं, चव घेतली, उत्तम. खाली सरांची सही. साहेबांची नजर खालच्या ओळीवर गेली. उद्याचं बी उत्तम. परवाचं बी. रविवार धरून पार महिनाअखेरपर्यंत उत्तम! उद्याची खिचडी आमी अजून शिजवली न्हवती, आन सरांना तिची चव लागून गेलती.

साहेबांनी वही मिटली. प्रकरण वाढवायचं त्यांच्या बी जिवावर आलं असणार. म्हणाले, बरं बाई, तुमचं काम चालू राहील, विषय संपला. माझ्या जिवात जीव आला. सायलीची शाळा वाचली. मी सुंदरबाईचा पदर ओढला, चल म्हणले, गप बस आता. ती हलली न्हाई. तिनं ताटलीत खिचडी वाढली आन त्याच अर्ध्या बोटांच्या हातानं सरांपुढं धरली.

सर म्हणाले, आज माझा उपास आहे.

"उपास हाय, तर सकाळी चव कुणी घेतली?"

सरांनी साहेबांकडं बघितलं. साहेब दुसरीकडं बघत होते. मग सरांनी ताटली घेतली. उभ्यानं खायला लागले तर सुंदरबाईनं पंगतीकडं बोट केलं. इस्त्रीची पँट घेऊन माणूस खाली बसला, पोरांच्या मधी. चार घास खाल्ले, मान वर केली आन साहेबांना हळूच म्हणाले, चांगली आहे.

"साहेबांना कशापायी सांगता?" सुंदरबाई म्हणाली. "शिकवलंत पोरांना, तर पोरांकडं तोंड करून सांगा."

सरांचे कान लाल झाले. पण वळले. पुटपुटल्यागत म्हणाले, खिचडी चांगली आहे.

पंगतीच्या शेवटाला सायली अजून उभीच होती.

"सर," ती म्हणाली, "मागं ऐकू आलं न्हाई."