एसी बंद, काच खाली

माझा नवरा गाडी चालवायचा नाही, तिला झोपवायचा. हायब्रीड घरी आली त्या दिवसापासून त्याचं एकच वेड: इंजिन जागं होता कामा नये. पेट्रोल न जाळता गाडी नुसत्या बॅटरीवर चालत असली की समोर एक हिरवा दिवा लागतो. सकाळच्या हायवेवर, कांदिवलीपासून अंधेरीपर्यंत, आख्खी दुनिया हॉर्न मारत असताना हा माणूस बूट काढून बसायचा आणि एक डोळा त्या दिव्यावर ठेवून अंगठ्याने ॲक्सिलरेटर कुरवाळायचा. बुटातून पायाला कळत नाही म्हणे.

सिग्नल लांबून लाल दिसला की पाय काढायचा. मग ब्रेक, तोसुद्धा बाळाला थोपटल्यासारखा, कारण हळू दाबला तर बॅटरी चार्ज होते, जोरात दाबला तर ते सगळं फुकट जातं. पुढच्या गाडीपासून एवढी जागा सोडायचा की तिच्यात रिक्षा घुसायची, टेम्पो घुसायचा, एकदा तर पाण्याचा टँकर घुसला. मागचे शिव्या घालायचे. मी शेजारी जीव मुठीत धरून बसलेली. आरशात ट्रकचं तोंड दिसलं की मी पाय जमिनीवर दाबायचे, जसा काही ॲक्सिलरेटर माझ्याच पायाखाली आहे. आणि साहेब शांतपणे सांगायचे, आज ॲव्हरेज बघ, काय झकास येतंय.

गाडी मलाही येते. पण मला तो देत नसे. मी ॲक्सिलरेटरवर उभीच राहते, ॲव्हरेजची पार वाट लावते, असं त्याचं म्हणणं होतं. यावरून आमची दर रविवारी जुंपायची.

एसी तर त्याचा सातजन्मीचा वैरी. एसी बॅटरी खातो, बॅटरी उतरली की इंजिन उठतं, इंजिन उठलं की ह्याचा चेहरा उतरतो. म्हणून एसी बंद, काच खाली. ऑक्टोबरच्या उन्हात हायवेची सगळी धूळ माझ्या केसांत. त्याचा शर्ट तर रोज पिळून काढावा असा भिजायचा. त्यावर त्याने उपायही काढला होता. खांद्यावर नॅपकिन आणि मागच्या सीटवर हँगरला इस्त्रीचा दुसरा शर्ट. ऑफिसच्या पार्किंगमध्ये बदलायचा. एवढं करून वर अभिमान.

त्या सकाळी आम्ही गोरेगावचा फ्लायओव्हर उतरत होतो. त्याच्या कपाळावरून, कानामागून पाणी वाहत होतं. मी पाहिलं आणि काहीच वाटलं नाही. रोजचंच होतं ते. उलट माझीच चिडचिड झालेली, म्हणून मी बडबडत होते की माणसापेक्षा तुला बॅटरीची काळजी. एरवी यावर मोठं लेक्चर आलं असतं. त्या दिवशी आलं नाही. नॅपकिन खांद्यावर तसाच होता.

मग त्याने हात पुढे केला आणि स्वतःहून एसी लावला.

आजवर कधी, कोणी पाहुणे असले तरी, त्याने आपल्या हाताने एसी लावला नव्हता. इंजिन जागं झालं, हिरवा दिवा गेला आणि त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काय होतंय रे?"

"डावा हात जड झालाय," तो म्हणाला. "तू घे गाडी."

ती दोन वाक्यं मी अजून विसरलेले नाही. त्यातलं दुसरं जास्त वाईट होतं. मला गाडी देतोय म्हणजे ह्याला कळलंय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्याने कशीबशी गाडी डावीकडे घेतली. मी धावत पलीकडे गेले, त्याला धरून बॉनेटच्या आधाराने फिरवून माझ्या जागी आणलं, सीट मागे पाडली, काचा वर घेतल्या. तो नुसत्या मोज्यांनीच हायवेवरून चालत आला होता. बूट ड्रायव्हरच्या सीटखालीच राहिले होते.

मग मी खरोखरच ॲक्सिलरेटरवर उभी राहिले. आमच्या गाडीला असा आवाज आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. हॉर्नवरचा हात काढला नाही. जोगेश्वरीपर्यंत आले आणि पुढे सगळं ठप्प. गाडी थांबली, आणि थांबल्याबरोबर तिने आपल्या सवयीने इंजिन बंद केलं.

एवढी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. बाहेर शंभर हॉर्न वाजत असतील, पण आत काचा बंद, इंजिन बंद, आणि शेजारून काहीच आवाज नाही. मान वळवायची हिंमत होईना. गावच्या देवाला मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं, काय काय कबूल केलं ते आठवत नाही. शेवटी ओरडले, "बोल ना काहीतरी!"

त्याचे डोळे मिटलेले होते. ओठ तेवढे हलले.

"ब्रेक... हळू दाब."

मला रडू फुटलं. आनंदानेच फुटलं, कारण तो अजून होता. पुढच्या रिक्षावाल्याने मागे वळून माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता रिक्षा कडेला घातली. त्याच्यामागून एकेकाने वाट दिली. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत मी ब्रेक एकदाही हळू दाबला नाही.

स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी मान हलवली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

आता गाडी मी चालवते. तो डाव्या सीटवर, बूट घालून. एसी चालू, काच वर, यावर चर्चा नाही. पंखा मात्र मी एकवर ठेवते आणि रेडिओ लावू देत नाही. ॲव्हरेज बघायचं त्याचं वेड काही सुटलेलं नाही. परवा स्क्रीनकडे वाकून बघत बसला. एसी लावूनही आकडा त्याच्यापेक्षा चांगला येतोय.

"शिकलीस गं शेवटी. कसं काय जमवलंस?"

"तुझंच बघून," मी म्हटलं.

खरं त्याला सांगितलेलं नाही. मला पेट्रोलचं काही पडलेलं नाही. मी अजून रोज घाबरते, कांदिवलीला किल्ली हातात घेतल्यापासून. म्हणून सिग्नल लांबून लाल दिसला की पाय काढते, ब्रेक थोपटते, आणि इंजिनला झोपवते. ते झोपलं की मला शेजारून त्याचा श्वास ऐकू येतो.