एक्कावन्न नंबर आणि माझा लाल दोरा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि हसलात तरी आमच्या ह्यांच्यासमोर विषय काढू नका. त्यांचं हसून अजून संपलेलं नाही.

मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. संकष्टी, गुरुवार, लक्ष्मीचे शुक्रवार, काही म्हणून चुकवत नाही. हे म्हणतात, आपल्या घरात गव्हापेक्षा साबुदाणा जास्त लागतो. अशा माझ्या पोटी देवाने पोर कोणती घातली? तर मोटोक्रॉस खेळणारी! म्हणजे काय, मुरमाच्या ढिगाऱ्यावरून मोटारसायकल हवेत उडवायची, खाली आपटायची आणि पुन्हा उडवायची. सोळा वर्षांची माझी गार्गी याला खेळ म्हणते.

दर रविवारी शिरूरहून ती आणि हे कासुर्डीजवळच्या ट्रॅकवर सरावाला जातात. गाडी तिथल्याच शिकवणाऱ्यांची, नंबर एक्कावन्न. पहिल्या दिवशी मी बरोबर गेले होते. तेव्हा मी त्या गाडीच्या हँडलला रांजणगावच्या गणपतीचा लाल दोरा बांधला, चांगल्या सात गाठी मारून. हा दोरा लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्याचाच.

मार्चमध्ये टीमवाल्या निंबाळकर सरांचा फोन आला. एका टायर कंपनीच्या पाठबळावर ते मुलांची टीम चालवतात.

"ताई, यंदा एकच जागा आहे. गार्गीचे रिझल्ट चांगलेत. पण कंपनीवाले फॉलोअर पण विचारतात हो. तिचे किती आहेत?"

"असतील की भरपूर!" मी म्हटलं. मला काय माहीत?

गार्गी मोरीत बसून बुटातला चिखल खरवडत होती. तिला विचारलं.

"एकशे तेरा."

"हजार?"

"माणसं, आई. एकशे तेरा माणसं."

"अगं, मग वाढव की!"

"मी गाडी चालवू का फोन?"

"बरं, नाव तरी सांग. मी पण फॉलो करते."

"तू? अजिबात नाही. तू प्रत्येक फोटोखाली शुभ सकाळचं गुलाबाचं फूल टाकशील."

टाकलं असतं, खोटं कशाला बोलू? पण एका जागेवर पोरीचं वर्ष अवलंबून. दहावीचा अभ्यास करून, पहाटे दोरीवरच्या उड्या मारून तिने ते रिझल्ट आणले होते. नुसत्या एकशे तेरा माणसांपायी ते मातीत जायचे? संकष्टीला बाप्पासमोर बसले आणि बोलून टाकलं, "देवा, गार्गी टीममध्ये जाईपर्यंत गोड बंद. चहासुद्धा बिनसाखरेचा."

आणि मग स्वतःच शोधायला बसले. दुपारभर मोबाईलवर बोट फिरवून फिरवून एक पान सापडलं, 'धुरळा एक्कावन्न'. चेहरा कुठेच नाही. सगळीकडे हेल्मेट, गॉगल, चिखलाने माखलेले कपडे. पण गाडीवर नंबर एक्कावन्न. आणि हँडलला? माझा लाल दोरा! फोटो मोठा करून मी गाठी मोजल्या. सात. आता आणखी काय पुरावा हवा होता, सांगा बरं?

चैत्रातलं हळदीकुंकू तोंडावर होतं. दारात येईल त्या बाईचा मी आधी फोन मागितला. आधी फॉलो, मग पन्हं! आमचं भजनी मंडळ, गल्लीतल्या सासवा-सुना, दत्ताच्या देवळातल्या सगळ्याजणी. राहू गावाला माझी मोठी नणंद असते, मंगलवन्सं. त्यांनी तर बचत गट अख्खा आणला.

"वन्सं, नुसतं फॉलो नका करू. चार शब्द लिहा."

"काय लिवू गं? मला काय कळतंय त्या गाडीतलं?"

"मनापासून वाटेल ते लिहा."

सगळ्यांनी मनापासूनच लिहिलं. एकीने 'वळणावर सावकाश रे लेकरा', दुसरीने 'एवढी घाई कशाला', तिसरीने 'पोटभर खाऊन जात जा'. मी तर रोज न चुकता लिहायचे, 'बाळा, वळण आलं की ब्रेक लाव. बाप्पा पाठीशी आहे.'

आणि खाली उत्तर यायचं, 'हो काकू. नक्की काकू. थँक्यू काकू.'

मला भरून यायचं! घरात ही पोर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, आणि तिथे किती गोड! 'काकू' का म्हणते, असा प्रश्न पडला होता एकदा. पण मीच उत्तर काढलं. मैत्रिणींसमोर आई म्हणायची लाज वाटत असेल. मी पण ओळख दाखवली नाही. एवढंच काय, त्यातला एक फोटो छापून आणला आणि पोथीत ठेवला. रोज त्याला अंगारा लावायचे.

दोन महिन्यांत फॉलोअर कुठच्या कुठे गेले. मी खूश.

मे महिन्यात निवडीचा दिवस आला. मी पण कासुर्डीला गेले, डब्यात तळलेले मोदक घेऊनच. निंबाळकर सर म्हणाले, "ताई, अवघड झालंय. केडगावच्या ओंकारचे फॉलोअर दोन महिन्यांत असे वाढलेत की कंपनीवाले त्याच्याच बाजूने आहेत."

"सर, आमचे पण बघा की!" मी ऐटीत म्हटलं.

सरांनी बघितलं. "एकशे तेरा."

"असं कसं? नीट बघा!"

तेवढ्यात एक उंच, सावळा मुलगा हेल्मेट काखेत धरून आला. माझ्याकडे बघतच राहिला आणि एकदम वाकून पाया पडला.

"काकू! तुम्ही त्याच ना, नथीच्या फोटोवाल्या? मी ओंकार. धुरळा एक्कावन्न! माझी आयपण एवढं लिवत न्हाई ओ."

माझ्या पायाखालचा मुरूम सरकला. मी गाडीकडे बोट दाखवलं. "पण ती... तो दोरा..."

"गाडी एकच हाय की, काकू. एक चक्कर गार्गीची, एक माझी. दोरा कुनी बांधला काय माहीत, पण तवापास्नं मी एकदा बी पडलो न्हाई!"

गार्गीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या ढिगाऱ्यात कुणीतरी पुरावं मला. दोन महिने बिनसाखरेचा चहा पिऊन मी माझ्याच पोरीची जागा दुसऱ्याच्या पदरात घातली होती!

सर मात्र फोनवर ओंकारचं पान वाचत होते. वाचता वाचता त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"ताई, ही सगळी तुमची मंडळी? 'पोटभर खाऊन जात जा.' यातल्या कितीजणी रेसिंगचे टायर घेतील?"

मी मंगलवन्संना डोळ्यांपुढे आणलं आणि मान खाली घातली.

"मग राहू द्या फॉलोअर," सर म्हणाले. "तीच गाडी, तोच ट्रॅक, पाच-पाच चकरा. घड्याळ काय सांगतं ते बघू."

आधी ओंकार सुटला. काय उड्या मारल्या त्याने! मग गार्गी. मी डोळे मिटून बाप्पाचं नाव घेत होते, त्यामुळे काही पाहिलं नाही. डोळे उघडले तेव्हा हे एका पायावर नाचत होते. गार्गी चक्क नऊ सेकंदांनी पुढे! सरांनी वर्षाचे रिझल्ट आणि ही वेळ, दोन्ही कंपनीला फोनवर सांगितली आणि कागद गार्गीपुढे सरकवला. तिने, आणि तिच्या खाली ह्यांनी सही केली.

मी पहिला मोदक ओंकारच्या हातावर ठेवला. दुसरं करण्यासारखं काय होतं माझ्याकडे?

"बाळा, माझ्यामुळे तुला उगाच आशा लागली रे."

"न्हाई ओ काकू. मीच कमी पडलो." त्याने मोदक खाल्ला, बोटं चाटली. "उड्या चांगल्या बसल्या. पर वळण आलं की तुमी आठवायच्या. हात आपोआप ब्रेकवर जायचा."

गार्गी जवळ आली, तिने माझ्या गळ्यात हात टाकला. चिखलासकट.

"आई," ती म्हणाली, "मी तुला सापडले नाही हे किती बरं झालं! मला फॉलो केलं असतंस ना, तर आज मी हरले असते."