स्वतःच्या मुलीच्या लग्नात बय्यूमीनं काय वाजवलं

तुमच्या घरच्या लग्नात मशीनमागं उभा असलेला माणूस खरोखर वाजवत होता, की नुसता उभा होता, हे तुम्ही कधी बघितलंय का? नाही बघितलंत. तुम्ही नाचत होतात. कानाला हेडफोन लावून, मान डोलवत, बटणांवरून बोटं फिरवत तो उभा होता, आणि सगळी गाणी त्यानं आदल्याच दिवशी घरी बसून पेनड्राइव्हवर ओळीनं भरून ठेवली होती. बोटं फिरत होती ती बंद बटणांवर. आणि जाताना तुम्ही त्याची पाठ थोपटलीत.

कैरोतल्या आमच्या इंबाबा वस्तीत असले डीजे शेळ्यांसारखे वाढलेत. पण आमच्या ताहून गल्लीत बय्यूमी आहे, म्हणून आम्ही कैरोत कुठंही मान वर करून जातो.

बय्यूमीचा बाप मांडव, खुर्च्या आणि दिवे भाड्यानं द्यायचा. लग्नालाही तेच कापड आणि मयतीच्या बैठकीलाही तेच, फक्त लग्नात दिवे जास्त. लहान बय्यूमी आज कुराणपठणाला माइक लावायचा आणि उद्या त्याच माइकवर वरातीच्या ढोलांना. कधी आवाज चढवायचा आणि कधी गप्प बसायचं, हे त्याला असं दोन्हीकडून कळलं. शाळेत तो चौथीपर्यंत गेला. त्याला नापास करणाऱ्या मास्तरांच्या तिन्ही मुलींच्या लग्नात पुढं त्यानंच वाजवलं, आणि प्रत्येक वेळी माइकवरून मास्तरांच्या विद्वत्तेची इतकी स्तुती केली की मास्तर घामाघूम झाले.

कारण आमच्याकडचा डीजे नुसती गाणी लावत नाही. पाहुणा येऊन त्याच्या कानात नाव सांगतो, अमक्याकडून तमक्याला सलाम, आणि बय्यूमी त्या नावाला असा चढवतो की गाढवगाडीवर कांदे विकणाऱ्यालाही आपण मंत्रिमंडळात आहोत असं वाटतं. एकदा दोन घराण्यांनी भर लग्नात एकमेकांवर खुर्च्या उगारल्या. बय्यूमीनं गाणं मधेच तोडलं आणि माइकवर शांतपणे म्हणाला, "खुर्च्या माझ्या बापाच्या आहेत, भाड्यानं दिल्यात. त्या खाली ठेवा. डोकी तुमचीच आहेत, ती फोडा." खुर्च्या खाली आल्या. हे पेनड्राइव्हमध्ये आदल्या दिवशी कोण भरणार?

म्हणूनच आमच्या गल्ली समितीनं ठराव केला, की ताहून गल्लीत तयार माल वाजणार नाही, जो वाजवेल त्यानं समोर उभं राहून हातानं वाजवावं. हसू नका. ज्या समितीनं तुंबलेल्या गटारासाठी नगरपालिकेच्या दारात ठिय्या दिला, तिनंच हाही ठराव केला. गटार तुंबलेलं चालत नाही, तसं गाणंही तुंबलेलं चालत नाही.

ठराव झाल्यावर शरनूबी चवताळला. हा आमच्याच गल्लीतला दुसरा डीजे. तिशीचा, केसांना चोपडलेलं जेल, धूर सोडणारं यंत्र, आणि लुकलुकत्या दिव्यांत स्वतःचं नाव. माल सगळा घरून भरून आणलेला. चहाच्या दुकानात तो बय्यूमीच्या समोरच येऊन बसला.

"काका, आता विमानसुद्धा आपोआप उडतं. त्यात बसलात तर पायलटला सांगाल का, हातानंच चालव म्हणून?"

"पायलट झोपलेला चालेल का तुला?"

"उतरलं नीट, तर चालेल."

"मग तू बस. आणि विमानात कोण नाचत नाही रे."

"माझं कधी चुकत नाही, काका. एक सूर इकडचा तिकडं होत नाही."

"मढ्याचंही कधी चुकत नाही," बय्यूमी म्हणाला आणि चहात साखर ढवळत बसला.

सगळं दुकान हसलं. शरनूबी हसला नाही. बय्यूमी त्याला तेव्हापासून बटणदाब्या म्हणायला लागला, आणि नुसता त्यालाच नाही, इंबाब्यातल्या प्रत्येक डीजेला त्यानं काही ना काही नाव ठेवलं.

मग त्याची मुलगी इब्तिसाम, तिचं लग्न ठरलं.

नवरदेवाचे वडील हाजी सिरहान, गल्लीतल्या मशिदीची देखभाल बघणारे. माणूस सरळ, पण लोखंडी सळईसारखा सरळ. त्यांना लग्नात गाणंबजावणंच नको होतं. बय्यूमीच्या घरी मुलीचं लग्न आणि वाजंत्री नाही, म्हणजे न्हाव्याच्या घरी सगळे दाढीवाले. शेवटी हाजी एका अटीवर तयार झाले.

"वाजवा. पण इशाची, रात्रीच्या नमाजाची अजान सुरू होईल तेव्हा ढोलाचा एक ठोकासुद्धा माझ्या कानावर येता कामा नये. आला, तर मी माझी माणसं घेऊन उठेन."

"हाजी, माझ्या हातून आजवर अजानीवर ठोका पडलेला नाही," बय्यूमी म्हणाला. आणि ते खरं होतं.

पण वाजवणार कोण? त्याची बायको नईमा त्याला स्पष्टच म्हणाली, "आजवर सगळ्या जगाच्या पोरींना वाजवत दारात आणलंस. त्या दिवशी तू बाप आहेस. पोरीचा हात धरून तिला खुर्चीपर्यंत न्यायचं आणि शेजारी बसायचं. मशीनमागं दिसलास तर स्पीकरवर चप्पल फेकीन." आणि दुसऱ्या कुणाला बोलवावं, तर ज्याला नाव ठेवलं नाही असा एकही डीजे शिल्लक नव्हता.

लग्नाच्या आठवड्यात त्याच्या खिडकीतून रोज त्याचाच आवाज यायला लागला. "या, या, हाजी सिरहान, गल्लीत उजेड पडला." मग ढोल. मग पुन्हा, "या, या, हाजी सिरहान," जरा जास्त गोड. मी तडक वर गेलो. खोलीत तो एकटा, समोर माइक आणि मशीन.

"बय्यूमी, हे काय चाललंय?"

"तयारी."

"तयारी नाही ही. भरतोयस तू. ठराव केलाय आपण."

"तो बाकीच्यांसाठी. ते मेलेलं वाजवतात. हा मी आहे."

"हा तू नाहीस. हा पेनड्राइव्ह आहे."

"लोणचं घरी घातलं तर त्याला बाजारचं म्हणतोस का?" त्यानं हेडफोन उतरवला. "ऐक, आधी पाहुण्यांचं स्वागत, मग वरात, मग ढोल, आणि इशाच्या वेळेला बरोबर जागा सोडलीय. पूर्ण शांतता. मग माझाच आवाज, 'नमाज कबूल होवो, आता उठा.' हाजी रडतील बघ."

समितीनं हा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. लग्नाचं आमंत्रण समितीलाही होतं.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळची मगरिबची नमाज झाली आणि बय्यूमीनं ठरलेल्या मिनिटाला मशीन सुरू केलं. कोणी हात लावू नये म्हणून मशीन एका लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली नव्या कोटाच्या खिशात. मांडवात रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्याखाली एक मांजर. स्पीकरमधून बय्यूमीचा आवाज गरजला, "या, या, हाजी सिरहान, गल्लीत उजेड पडला. बसा हाजी, ही जागा तुमचीच." मांजर पळालं. नवरी अजून पार्लरमध्ये होती. हाजी अजून घरी दाढी विंचरत होते.

"बंद कर ते," नईमा वरच्या मजल्यावरून ओरडली. "माणूस नाही काणूस, कुणाचं स्वागत करतोयस? जिनांचं?"

बय्यूमीनं कुलूप काढलं, मशीन थांबवलं. पाहुणे जमेपर्यंत बराच वेळ गेला. मग जिथं थांबवलं होतं तिथूनच सुरू केलं आणि पुन्हा कुलूप घातलं. आता मशीन जेवढा वेळ थांबलं, तेवढी अजानीसाठी सोडलेली जागाही पुढं सरकली होती. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या नवऱ्या पार्लरमधून उशिरा येताना बघितल्या, त्याच्या हे लक्षात आलं नाही. डीजेच्या आलं असतं. त्या दिवशी तो बाप होता, आणि बापाला वाटलं की आपली पोरगी वेळेवर येईल.

इब्तिसामची मोटार गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा इशाची वेळ होतच आली होती. बय्यूमीनं तिचा हात धरला. चेहरा असा, की इतकी वर्षं तो मशीनमागं कशाला उभा राहिला असं बघणाऱ्याला वाटावं. आणि त्याच वेळी पेनड्राइव्हवर सगळ्यात मोठा ढोल आला. बायका आनंदाच्या किलकाऱ्या मारायला लागल्या. दोघं चार पावलं पुढं आली असतील, आणि ढोलाच्या खालून मशिदीच्या भोंग्याचा आवाज आला.

अजान सुरू झाली होती, आणि ढोल थांबत नव्हता.

हाजी सिरहान खुर्चीतून उठले. त्यांनी आपल्या भावांकडे बघितलं, तेही उठले. मांडवाच्या त्या टोकाला मशीन, या टोकाला बय्यूमी, मधे सगळी गल्ली. त्याचा एक हात खिशातल्या किल्लीवर, दुसरा पोरीच्या हातात, आणि पाय जमिनीला चिकटलेले.

मागच्या रांगेत शरनूबी बसला होता. शेजारी म्हणून त्याला आमंत्रण होतं, आमच्याकडे शेजाऱ्याला टाळून लग्न होत नाही. तो उठला, विजेच्या खांबाशी गेला आणि खांबावरून खाली आणलेली वायर त्यानं दोन्ही हातांनी हिसडली. ढोल मेला. दिवेही गेले. त्या माणसाचं आम्ही बघितलेलं हे पहिलं थेट सादरीकरण, आणि एक सूर इकडचा तिकडं झाला नाही.

अंधारात सगळ्या गल्लीनं अजान ऐकली. नवरी पांढऱ्या झग्यात रस्त्याच्या मधोमध. कोणी हललं नाही. हाजी निघायला उठले होते, पण अजान चालू असताना पाठ फिरवून जाणार कसे? ती संपली, त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि काठी उचलली. तेवढ्यात शरनूबीनं वायर परत जोडली. दिवे आले. मशीनही आलं, पण अगदी पहिल्यापासून.

"या, या, हाजी सिरहान, गल्लीत उजेड पडला. बसा हाजी, ही जागा तुमचीच."

उजेड तर खरंच नुकताच पडला होता. आधी एक म्हातारी फिसकन हसली, मग सगळी गल्ली. हाजींनी काठीवर हनुवटी टेकवली.

"बय्यूमी," ते म्हणाले, "तू बस म्हणाला असतास तर मी गेलो असतो. हे मशीन म्हणतंय, त्याच्याशी काय भांडायचं?" आणि बसले.

पण मशीन थांबलेलं नव्हतं. ते आता सगळ्यांना सांगत होतं की नवरी अजून सजतेय, धीर धरा. नवरी समोर उभी. बय्यूमीचा पाय हळूच मशीनच्या दिशेनं वळला.

इब्तिसामनं ते बघितलं. "जा बाबा," ती म्हणाली. "मी जाईन एकटी. तसंही तुम्ही इथं असलात तरी तिथंच असता."

यात राग नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि शरनूबीला जवळ बोलावलं.

"पेटी उघड. ते काढून टाक. समोर जे दिसतंय त्याला शोभेल ते वाजव."

शरनूबीचा चेहरा उतरला. "काका, मला नाही जमायचं."

"वायर उपटायला जमलं की."

"पूर्वी मीही हातानंच वाजवायचो," शरनूबी खालच्या आवाजात म्हणाला. "एका लग्नात चुकून नवरदेवाचं नाव भलतंच घेतलं. मजुरी कापलीच, वर एक स्पीकर ठेवून घेतला. पंचवीस पाहुण्यांनी आईवरून शिव्या दिल्या. तेव्हापासून घरूनच भरून आणतो. कोण चुकणार उगाच?"

बय्यूमीनं किल्ली त्याच्या हातात कोंबली. एवढी वर्षं त्याला नावं ठेवली, पण तू असं का करतोस हे कधी विचारलं नव्हतं.

"आज चूक," तो म्हणाला. "मजुरी कापायचा प्रश्नच नाही, मी देणारच नाहीये."

शरनूबी चुकला, पोटभर चुकला. वरातीच्या गाण्याऐवजी आधी त्याच्या हातून वाढदिवसाचं गाणं लागलं. सलाम देताना त्यानं हाजी सिरहानना हाजी सुलेमान केलं, आणि पुढच्या रांगेतून चार जणांनी ओरडून ते दुरुस्त केलं. स्पीकर दोनदा शिट्टी घालून किंचाळला. पण एका वयस्क मावशीला नाचताना धाप लागली, ते त्याच्या नजरेला आलं, आणि त्यानं ढोल हळू केला. मावशी कमरेवर हात ठेवून हसत उभी राहिली. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बय्यूमी पोरीला खुर्चीपर्यंत घेऊन गेला आणि शेजारी बसला. बसला म्हणजे, बूड टेकवलं. "खालचा आवाज कमी कर, गाढवा," असं तो दर गाण्याला ओरडत होता, आणि नईमा त्याच्या दंडाला चिमटे काढत होती. लग्नाच्या प्रत्येक फोटोत त्याचा उजवा हात गुडघ्यावर आहे आणि बोटं एक बटण फिरवतायत. पण प्रत्येक फोटोत तो आहे. त्यानं वाजवलेल्या हजारो लग्नांत त्याचा एकही फोटो नाही.

आता समितीत मला विचारतात, ठरावाचं काय झालं. ठराव आहे. पण तो आम्ही उलट्या टोकानं धरला होता, हे मला आता कळतंय. आम्ही पेनड्राइव्ह आणणाऱ्याला पकडत होतो. चुकणाऱ्याची मजुरी कापणाऱ्याला कोणी पकडलं नाही. एका चुकलेल्या नावासाठी माणसाचा स्पीकर ठेवून घ्यायचा, आणि मग तोच पुढच्या लग्नात घरून भरून आणतो म्हणून नाक मुरडायचं. जिवंत माणूस हवा, आणि तो मढ्यासारखा बिनचूक हवा. हा हिशोब आमच्या इंबाब्यातला आहे तसा तुमच्याकडचाही असणार.

तेव्हा एवढं करा. पुढच्या वेळी तुमच्या लग्नात मशीनमागचा माणूस तुमच्या मामाचं नाव चुकला, तर मामांना जरा हसू द्या, त्याला बरोबर नाव ओरडून सांगा, आणि निघताना त्याची मजुरी पूर्ण द्या.