अग्रलेखाच्या मागची बाजू

आमच्या अभ्यासिकेत पेपर वाचत नाहीत, त्याला हळद लावतात. कलेक्टर होऊ घातलेली ही मंडळी सकाळी पिवळं पेन घेऊन अग्रलेखावर अशी तुटून पडतात, जणू दुपारी त्याचं लग्नच आहे. न रंगवलेली एक ओळ दाखवा आणि माझी सायकल घेऊन जा! बाकीचा पेपर परीक्षेला येत नाही, म्हणून रद्दी.

परवा शेजारच्या दत्ताने पाणीटंचाईवरचा अग्रलेख वहीत चिकटवायला कापला. मागच्या बाजूला फोटो होता. तहसीलसमोर रिकामे हंडे घेऊन बसलेल्या बायका, खाली गावाचं नाव.

"दत्त्या, हे तुझं गाव ना रे?"

त्याने कागद उलटला. "हो की. पुढे बसलीय ती आई."

"मग फोन कर की, गाढवा!"

"करतो रे. आधी पाणीप्रश्नावर उत्तर लिहितो. यंदा हमखास येणार."

उद्या असलेच साहेब होतात, आणि बायांना वाटतं, साहेबांना आपले हंडे दिसतच नाहीत. दिसतात हो, चांगले दिसतात.

दत्ताने आईच्या तोंडावरून डिंक फिरवला आणि कोपरे नीट दाबले.